कपाटाची किल्ली कुणाकडे?

(अहिल्यानगर येथे कार्यकर्ते, शिक्षक आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत.)



मला विषय दिलाय 'सार्वजनिक वाचनालयं आणि आपली मुलं'. मी काही ग्रंथालयशास्त्राची अभ्यासक नाही. आयुष्यभर पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं, तेवढाच माझा अधिकार. त्यामुळे सुरुवात एका कबुलीनं करते.

माझ्या वर्गात एक लोखंडी कपाट होतं. त्यात गोष्टींची दीड-दोनशे पुस्तकं होती. कुठली योजनेतून आलेली, कुठली कुणी दिलेली. त्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची, आणि बहुतेक वर्षं ती पर्समध्येच राहिली. कारण साधं होतं. पुस्तकं डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली होती. तपासणीला एक जरी कमी भरलं, तर उत्तर मला द्यावं लागणार. पुस्तक कपाटात राहिलं तर कुणी विचारत नव्हतं की ते किती मुलांनी वाचलं. हरवलं तर मात्र सगळे विचारणार होते. मग मी काय करणार? कुलूप लावलं.

चौथीत एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहायची. म्हणायची, "टीचर, वो लालवाली किताब देखूं?" मी म्हणायचे, "कल देखेंगे." तो 'कल' काही आला नाही. ती चौथी पास झाली, शाळा सोडून गेली. कितीतरी वर्षांनी बाजारात भेटली. कडेवर एक, बोटाला धरलेली एक. सलाम केला, चौकशी केली आणि हसत हसत म्हणाली, "टीचर, वो लाल किताब में क्या था?"

मला सांगता येईना. कारण ते पुस्तक मीही कधी वाचलं नव्हतं.

ती हे चेष्टेनं म्हणाली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आज जे बोलणार आहे ते दुसऱ्या कुणाला दोष द्यायला नाही. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, हे आधी सांगून मग बोलतेय.

किल्ल्यातल्या चिमण्या

आपण ज्या शहरात बसलोय, तिथं पुस्तकांची कमतरता कधीच नव्हती. आपल्या कोठल्याची बारा इमामची वास्तू सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहाच्या काळात विद्येचं ठिकाण म्हणून उभी राहिली. पुढं इंग्रजी अमलात १८३८ साली इथं वाचनालय सुरू झालं. आजचं जिल्हा वाचनालय आपला वारसा तिथून सांगतं, आणि राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक नगरमध्येच निघालं. सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिल्या आणि मग पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायचं शिक्षण घ्यायला ज्या फरार बाईंकडे गेल्या, त्या याच. म्हणजे मुलींच्या हातात पुस्तक द्यायची या राज्यातली वाट आपल्या गल्ल्यांतून गेलेली आहे.

आणि आपला किल्ला. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडलं आणि इथं आणून ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं लिहिलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं इथं लिहिली, हे उर्दू वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्यात एक प्रकरण चिमण्यांचं आहे. 'चिडिया चिडे की कहानी' म्हणून आपल्यापैकी कित्येकांनी ते ऐकलं असेल. मौलानांच्या खोलीच्या छतात चिमण्या घरटी करतात, सगळीकडे काड्या-कचरा पाडतात. मौलाना आधी त्यांच्याशी लढाई करतात, हरतात, आणि मग तांदूळ टाकून दोस्ती करतात. चिमण्यांना नावं ठेवतात. एक कलंदर, एक मोती. मोतीचं एक पिल्लू असतं, उडायचं नाव घेत नाही. आणि मग एका क्षणी त्याला आपल्या पंखांचा पत्ता लागतो आणि ते उडतं.

हे १९४३ च्या मार्चमधलं लेखन. पुढच्याच महिन्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, मौलाना इथं कैदेत होते. ही सगळी हकीकत आपल्या गावातली आहे. किल्ला आपल्या मुलांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. मी मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला या भागातल्या मुलांना विचारत असते, 'किल्ल्यात कोण होतं?' नेहरू, म्हणतात. 'आणि चिमण्या?' हसतात. त्यांना ती गोष्ट कुणी दिलेलीच नाही. उर्दू शिकणाऱ्या मुलांच्या हातात पुस्तक नाही, आणि मराठी शिकणाऱ्या मुलांपर्यंत ती पोचलीच नाही.

याच्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे दोन कैदी सुटले. देश स्वतंत्र झाला. एक पंतप्रधान झाले, दुसरे शिक्षणमंत्री. २७ ऑक्टोबर १९५१ ला दिल्लीत युनेस्कोच्या मदतीनं दिल्ली पब्लिक लायब्ररी सुरू झाली. उद्घाटन नेहरूंनी केलं, खातं मौलानांचं होतं. वाचनालय विनामूल्य. पुस्तकं उघड्या मांडणीवर, वाचकानं हातात घेऊन बघायची. आणि मुलांचा विभाग पहिल्यापासून. फाळणी होऊन चार वर्षं झाली होती, दिल्ली निर्वासितांनी भरलेली होती. 'आधी पोटाचं बघू, मुलांच्या गोष्टींचं नंतर' असं म्हणायला भरपूर सबब होती. तसं कुणी म्हटलं नाही.

त्याच्याही चाळीस वर्षं आधी सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोदा संस्थानात वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यात मुलांसाठी विभाग होता, बायकांसाठी सोय होती, आणि खेड्यांत जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या होत्या. तेव्हा मुलांचं वाचनालय हे परदेशी खूळ आहे, असं कुणी मला सांगू नये.

कायदा आणि कुलूप

आता आजचं बोलू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. आपल्याकडे वाचनालयं बहुतेक सरकारनं काढलेली नाहीत. लोकांनी संस्था काढली, सरकारनं मान्यता दिली आणि अनुदान दिलं, अशी ही पद्धत. अ, ब, क, ड असे वर्ग असतात. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. आपल्या जिल्ह्यातही तालुक्याच्या गावापासून लहान खेड्यांपर्यंत ती आहेत. वरच्या वर्गासाठी ज्या गोष्टी बघतात, त्यात बालविभाग आणि महिला विभागही येतो.

म्हणून कागदावर बालविभाग असतो. प्रत्यक्षात काय असतं? त्या बाजारात भेटलेल्या मुलीनं मला विचारलं होतं, "टीचर, मेरी बच्ची कू कहां लेको जाऊं?" म्हणून मी तिला आणि तिच्या मुलीला घेऊन एका वाचनालयात गेले. कुठलं ते सांगत नाही, कारण गोष्ट एकाची नाही. खाली वर्तमानपत्रांचं मोठं टेबल, भोवती सगळे पुरुष. वर अभ्यासिका, तिथं स्पर्धा परीक्षेची मुलं खुर्चीला खुर्ची लावून बसलेली. आम्ही बालविभाग विचारला. देवघेवीवर बसलेल्या भाऊंनी एका कपाटाकडे बोट दाखवलं. कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते त्या दिवशी रजेवर.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ते कपाट माझंच होतं.

त्या भाऊंना मी दोष देणार नाही. तुटपुंज्या मानधनावर माणूस झाडण्यापासून नोंदवहीपर्यंत सगळं करतो. पुस्तक हरवलं तर जबाबदारी त्याच्यावर. मुलं आली की आवाज होतो, वर्तमानपत्र वाचणारे ओरडतात. कुलूप लावणं हाच त्याला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो. कुलूप काढायचं असेल तर त्याच्या मनातली भीती आधी काढावी लागेल.

इथं एक गोष्ट लिहून घ्या. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आहेत. त्यातला नियम २१५ ग्रंथालयांबद्दल आहे. तो म्हणतो की वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा वाचल्या गेलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तकं हरवली, आणि त्यात कुणाचा अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल, तर ते नुकसान वाजवी समजावं. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहे, आपल्या गावच्या संस्थेला तो आपोआप लागू होत नाही. पण त्यातला विचार बघा. सरकारच्या हिशेबखात्यालाही कळतं की पुस्तक वापरलं तर थोडं हरवणार, फाटणार. प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळानं आपल्या बैठकीत असाच एक ठराव करावा: मुलांच्या पुस्तकांत अमुक इतकी तूट गृहीत धरली जाईल, कर्मचाऱ्याच्या पगाराला हात लागणार नाही. एका ओळीचा ठराव आहे. पैसे लागत नाहीत. असा ठराव माझ्या शाळेत असता, तर ते लाल पुस्तक त्या मुलीला मिळालं असतं.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरासाठी आहेत. ग्रंथपालांना तो पाठ असतो. रजिस्टर तो पाळू देत नाही.

तीन वयं, तीन गरजा

'बालविभाग' असं आपण एका शब्दात म्हणतो, आणि तीन वर्षांचं बाळ आणि सोळा वर्षांची मुलगी एकाच कपाटात कोंबतो. हे तिघं वेगळे आहेत.

पहिले, शाळेत न जाणारे किंवा नुकते जायला लागलेले. यांना वाचता येत नाही, पण ऐकता येतं. यांना सतरंजी लागते, मोठ्या चित्रांची पुस्तकं लागतात आणि मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवणारं माणूस लागतं. आठवड्यातून एक तास. यांच्याबरोबर आई येते, दादी येते. जी बाई एरवी वाचनालयाची पायरी चढली नसती, ती पोराच्या निमित्तानं चढते. मी पाहिलंय, पोरगं गोष्ट ऐकत असतं आणि आई भिंतीला टेकून तेवढीच रंगून ऐकत असते.

दुसरे, सात-आठ ते बारा वर्षांचे. यांना हाताळायला लागतं. दहा पुस्तकं काढतील, नऊ ठेवून देतील, एक घेऊन जातील. ती नऊ पुस्तकं हाताळणं हेही वाचनच आहे. काचेमागून पुस्तक निवडता येत नाही. भाजीसुद्धा आपण हातात घेऊन बघतो. यांच्यासाठी बुटकी मांडणी हवी, पुस्तकाचं तोंड समोर असलेली. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक दहा वेळा फिरले तरी मुलांना पुरतात. उर्दूत मुंबईचं 'गुल बूटे' आहे, दिल्लीच्या उर्दू परिषदेचं 'बच्चों की दुनिया' आहे. वर्गणी भरली की घरी येतात.

तिसरे, तेरा ते अठरा. यांच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. बालविभागात ते मावत नाहीत, मोठ्यांच्या विभागात त्यांना कुणी उभं करत नाही. मग उरते अभ्यासिका. अभ्यासिका हवीच, तिची थट्टा मी करणार नाही. दोन खोल्यांच्या घरात सात माणसं असतात, टीव्ही चालू असतो. तिथल्या पोराला एक शांत खुर्ची मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण अभ्यासिकेत तो आपली पुस्तकं आणतो, आपल्या नोट्स वाचतो आणि जातो. वाचनालयातल्या हजारो पुस्तकांशी त्याचा संबंध येत नाही. या वयाला प्रश्न पडतात. शरीराबद्दल, धर्माबद्दल, प्रेमाबद्दल, देशात आपली जागा काय याबद्दल. ते प्रश्न मुलं अम्मीला विचारत नाहीत, मौलवीसाहेबांना विचारत नाहीत, शिक्षकांना तर मुळीच नाही. मग मोबाइलला विचारतात. मोबाइल काय उत्तर देतो, हे आपण रोज बघतोय. एखादं चांगलं आत्मचरित्र, एखादी कादंबरी, विज्ञानाचं एखादं सरळ पुस्तक त्या वयात हाताला लागलं, तर मूल एकटं पडत नाही.

आणि यात मुली. सातवी-आठवीनंतर आपल्या मुलींचं बाहेर पडणं कमी होतं. शाळा ते घर, घर ते शाळा. कित्येकींची शाळाही दहावीला थांबते. मुलगे चौकात उभे राहू शकतात, टपरीवर जाऊ शकतात, मैदानात जाऊ शकतात. मुलीला घरातून बाहेर पडून बसता येईल अशी एकही जागा आपल्या मोहल्ल्यात नाही, हे मोजून बघा. वाचनालय ती जागा होऊ शकतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: दिवसाउजेडाची वेळ, बसायला स्वतंत्र टेबल आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह. वडिलांना पटवायला या तीन गोष्टी माझ्या भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

उर्दू की मराठी?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारताना दोन्ही बाजूंचा आवाज जरा चढलेला असतो. काहींना वाटतं, उर्दूची पुस्तकं ठेवली की मूल मागं पडेल. काहींना वाटतं, मराठी ठेवली की जबान जाईल.

आपली मुलं घरात दखनी बोलतात. शाळेत उर्दू किंवा मराठी, हल्ली इंग्रजी. बाजारात मराठी. ही मुलं तीन-चार भाषांत जगतात, त्याचा आपण उगाच बाऊ करतो. आपल्याच जिल्ह्यात, श्रीगोंद्याला, शेख महंमद होऊन गेले. मुसलमान घरातला माणूस, मराठीत 'योगसंग्राम' लिहितो आणि वारकरी त्यांना संत मानतात. त्यांना कुणी विचारलं नसेल की तुमचं माध्यम कुठलं.

माझा अनुभव साधा आहे. उर्दू शाळेतल्या मुलाला मराठीची भीती वाटते, कारण त्यानं मराठी फक्त पाठ्यपुस्तकात आणि परीक्षेत पाहिलेली असते. त्याला मराठीतली वाघाची गोष्ट द्या, चित्रांची. गोष्टीसाठी तो भाषा ओलांडतो. तसंच, मराठी शाळेत जाणारी आपली मुलं उर्दू लिपी विसरत चाललीत, त्यांना उर्दूतलं चित्रांचं पुस्तक द्या. प्रथम बुक्सनं २०१५ पासून स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ चालवलंय. तिथं मुलांच्या गोष्टी मराठीतही आहेत, उर्दूतही आहेत, फुकट उतरवून छापून घेता येतात. एकच गोष्ट दोन भाषांत छापा, शेजारी शेजारी ठेवा. पुढचं मुलं करतात.

आणि हे फक्त आपल्या मुलांसाठी म्हणत नाही. शहरातल्या वाचनालयात उर्दूचं एक शेल्फ असलं, तर शेजारच्या पेठेतल्या मराठी मुलाच्या डोळ्यांना ती लिपी दिसेल. न वाचता आली तरी दिसेल. जी लिपी त्यानं आजवर फक्त दुकानाच्या पाटीवर किंवा टीव्हीवरच्या बातमीत पाहिली, ती त्याला उंदीर-मांजराच्या गोष्टीवर दिसेल. याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

मोहल्ल्यातलं कपाट

इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर औरंगाबादेत, आता छत्रपती संभाजीनगर, जानेवारी २०२१ मध्ये एका शाळकरी मुलीनं तीनशेएक पुस्तकांनिशी मोहल्ल्यात मुलांचं वाचनालय सुरू केलं. कोरोनात शाळा बंद होत्या, मुलं रस्त्यावर होती. तिच्या वडिलांचा व्यवसाय पुस्तकांचा, त्यांनी साथ दिली. मरियम मिर्झा मोहल्ला बाल वाचनालय या नावानं ती गल्लोगल्ली पसरली. एक कपाट, एक सतरंजी, मुलांमधूनच निवडलेला ग्रंथपाल. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'मध्येही पुस्तकांची पेटी लोकांच्या दारात जाते. ही दोन्ही कामं बघण्यासारखी आहेत.

निवृत्त झाल्यावर मीही घराच्या पुढच्या खोलीत एक कपाट ठेवलं. कुलूप नाही. वहीत मुलं स्वतः नाव लिहितात. पहिल्या वर्षी अकरा पुस्तकं परत आली नाहीत. एक पुस्तक चहा सांडून आलं, आणि ते आणणारा पोरगा इतका घाबरला होता की आधी त्यालाच चहा पाजावा लागला.

पण तुम्हाला खरं सांगते, माझ्या कपाटावर मी समाधानी नाही. ते माझ्या गुडघ्यांवर चालतं. मी आजारी पडले की ते बंद. पुस्तकं मला परवडतील तेवढीच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथं फक्त आमच्या गल्लीतली मुलं येतात. चांगलं आहे, पण पुरेसं नाही. आपली मुलं आपल्या शाळेत, आपल्या गल्लीत, आपल्याच वाचनालयात. मग ती या शहराला 'माझं' कधी म्हणणार?

सार्वजनिक वाचनालय कराच्या पैशातून अनुदान घेतं. त्या करात रिक्षावाल्याचा पैसा आहे, गॅरेजवाल्याचा आहे, बेकरीवाल्याचा आहे. तिथल्या पुस्तकांवर आपल्या मुलांचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. आपण तिथं जात नाही आणि मग म्हणतो, 'वो अपनी जगह नहीं.' कुणी हाकललं म्हणून नव्हे, सवय नाही म्हणून. माझ्या कपाटाचं काम एवढंच की मुलाला गोडी लागावी. त्यापुढं त्याला बोटाला धरून शहराच्या वाचनालयाच्या दारात नेऊन सोडायचं, हे आपलं काम. २०१२ नंतर बरीच वर्षं नव्या वाचनालयांना शासनाची मान्यता देणं थांबलेलं होतं. म्हणूनही सांगते, नवी पाटी लावण्याआधी जुनं दार उघडून बघा.

मोबाइलच्या जमान्यात?

काही तरुण म्हणतात, 'बाजी, आता वाचतं कोण? सगळं मोबाइलवर आहे.' खरंय, आहे. मुलांसाठी राष्ट्रीय ई-पुस्तकालयही निघालंय. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. पण त्याच घोषणेत दुसरं वाक्य होतं, की राज्यांनी पंचायत आणि वॉर्ड पातळीवर प्रत्यक्ष वाचनालयं उभारावीत, म्हणजे मुलांना ते डिजिटल भांडार वापरता येईल. ते वाक्य आपण विसरलो. घरात एकच मोबाइल असतो आणि तो अब्बांबरोबर कामावर जातो. रात्री आला की भावाच्या हातात. बहिणीची पाळी येईपर्यंत चार्जिंग संपलेलं असतं.

करायचं काय?

भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचं असेल तर माझी हरकत नाही, पण चार कामं सांगते.

पहिलं. या महिन्यात प्रत्येकानं आपल्या गावातल्या वाचनालयाचं सभासद व्हायचं. अनामत आणि वर्गणी आपण एका लग्नाच्या आहेरात घालवतो त्याच्यापेक्षा कमी असते. मुलांचंही नाव घालायचं. सभासद झालात की संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला हक्कानं बसता येतं. तिथं भांडायला जायचं नाही, विचारायला जायचं: गेल्या वर्षी मुलांची किती पुस्तकं घेतली? किती वेळा देवघेव झाली? बालविभाग आठवड्यातून किती तास उघडा असतो? हे तीन प्रश्न दरवर्षी विचारा. पुढच्या वर्षी तुमच्यातल्या कुणीतरी कार्यकारी मंडळाची निवडणूक लढवा. बाईनं लढवली तर जास्त चांगलं.

दुसरं. वाचनालयाला तक्रार नको, हात द्या. आपल्यातल्या डी.एड., बी.एड. झालेल्या मुली घरी बसल्यात. दर रविवारी दोन तास त्यांनी बालविभाग सांभाळायचा, गोष्ट वाचून दाखवायची. कर्मचाऱ्याला सुट्टीच्या दिवशी राबवायचं नाही. त्याला आधार वाटला की कुलूप तोच काढेल.

तिसरं. पुस्तकांच्या खरेदीत शब्द टाका. उर्दूची, मराठीची मुलांची पंचवीस चांगली पुस्तकं निवडून यादी द्या. 'उर्दूची पुस्तकं ठेवा' असा अर्ज केला तर तो फायलीत राहतो. नाव, लेखक, प्रकाशक, किंमत असलेली यादी दिली तर खरेदी होते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांत मुलांच्या विभागासाठीही मदत असते. ती कशी मिळवायची, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा.

चौथं. शाळेकडे बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, तिथं वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सगळ्या विषयांची पुस्तकं असतील. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, तुम्ही असता. पुढच्या बैठकीत पोषण आहाराबरोबर हाही विषय घ्या. आणि माझ्यासारखी कुणी शिक्षिका किल्ली पर्समध्ये ठेवून बसली असेल, तर तिच्यावर चिडू नका. तिला लेखी द्या की पुस्तक हरवलं तर आम्ही भरून देऊ.

शेवटचं सांगते आणि थांबते. त्या मुलीची मुलगी आता माझ्या कपाटावर येते. तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात मी तिला आणि आणखी चौघींना घेऊन परत त्याच वाचनालयात गेले. आधी फोन करून गेले होते, म्हणून किल्ली हजर होती. भाऊंनी कपाट उघडलं. मुली दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. त्यांना खरंच वाटेना की हात लावायचा असतो. मग एकीनं लावला.

घरी जाताना तिसरीतली विचारते, "नानी, अगले इतवार कू भी खुला रहेंगा ना?"

मी 'हां' म्हटलंय. तो शब्द मी एकटी पाळू शकत नाही. म्हणून तुमच्यासमोर उभी आहे.